जी. म्हणजे कोण?

माझी बायको द्रौपदी वयाच्या साठाव्या वर्षी एका पाद्र्याच्या नादी लागली. पाद्री मेलेला होता, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

पाद्री हा माझा शब्द. कॉलेजातले लोक त्याला थिऑलॉजियन म्हणतात, म्हणजे देव आहे की नाही हे नक्की व्हायच्या आधीच त्याच्यावर सातशे पानं लिहून मोकळा होणारा माणूस. आमच्या घरात देवाचा विषय छप्पन्न सालीच संपला, तिच्या माहेरीही आणि माझ्या घरीही. मी क्रॉयडनला अठरा वर्षं ट्रॅम चालवली, रविवारी विहारात भाषणं ठोकली आणि रिटायर झालो. ट्रॅमचं एक बरं असतं, रूळ संपले की गाडी थांबते. थिऑलॉजीत रूळ संपल्यावरच गाडी सुटते, असा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

द्रौपदीची नोकरीही क्रॉयडनलाच, व्हिसाच्या ऑफिसात. सव्वीस वर्षं केसवर्कर होती. अर्जावरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे ना, हे बघायचं तिचं काम. एका अक्षराचा फरक दिसला की फाइल बाजूला. या कामाने तिचा स्वभाव असा घडला की घरी लग्नपत्रिका आली तरी आधी स्पेलिंग तपासते आणि मग कोणाचं लग्न आहे ते वाचते. बडबड कमी, चिकाटी फार, आणि एकदा पेन्सिलने खूण केलेली गोष्ट ती वर्षानुवर्षं सोडत नाही. माझ्यावरही अशा खुणा आहेत.

रिटायर झाल्यावर आमच्या ओळखीच्या बायका योगाला गेल्या, क्रूझला गेल्या. हिने लंडनच्या एका लहानशा धर्मशास्त्र कॉलेजात पार्टटाइम एम.ए.ला नाव घातलं. विषय होता 'आर्थर विन्स्कम, जीवन आणि विचार'.

"तुला दुसरा कोणी सापडला नाही?" मी विचारलं.

"अहो, हा आमच्या गावचा आहे."

गावचा म्हणजे असा, की जालन्याकडे तिच्या वडिलांच्या गावाजवळ मिशनचा बंगला होता. विन्स्कम छत्तीस साली तिथे आला आणि एकावन्न साली विलायतेला परत गेला. त्या पंधरा वर्षांत त्याच्या घरी स्वयंपाकाला जी बाई होती, ती द्रौपदीची आजी, वडिलांची आई. साहेबाने तिला ख्रिस्ती होण्याबद्दल बरंच समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि पोळ्या लाटायची. पुढे सगळी वस्ती बौद्ध झाली तेव्हा मात्र कोणी समजावायच्या आधी पांढरं लुगडं नेसून तयार होती. तिचं नाव गयाबाई शेजवळ. हे नाव मला लग्नानंतर चौतीस वर्षांनी कळलं, हेही सांगून टाकतो. विहारात मी दर महिन्याला इतिहासाने ज्यांची नावं पुसली त्यांच्याबद्दल तावातावाने बोलायचो. बायकोच्या आजीचं नाव विचारावं, हे काही सुचलं नव्हतं.

विन्स्कमने इंग्लंडला येऊन चार जाडजूड पुस्तकं लिहिली. मी त्यातलं एक उघडलं होतं. पहिल्या वाक्याचं क्रियापद शोधता शोधता चहा गार झाला, तेव्हा मिटून ठेवलं. पण त्याचे भक्त आहेत. त्यांचं रीतसर मंडळ आहे, त्याची वर्षातून एकदा एका थंडगार हॉलमध्ये सभा भरते, माणसं चाळीस येतात आणि खुर्च्या शंभर मांडलेल्या असतात. मंडळाचे अध्यक्ष डॉ. ह्यू पेनफोल्ड हेच कॉलेजात द्रौपदीचे गाइड. उंच, वाकलेले, बोलताना डोळे मिटणारे. मला ते एकदाच भेटले आणि पाच मिनिटांत तीनदा म्हणाले की ट्रॅम हे फार सुंदर रूपक आहे. कसलं ते त्यांनी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. विन्स्कम रोज डायरी लिहायचा. हिंदुस्थान सोडला त्या दिवशीची नोंद दोनच ओळींची आहे. इंग्रजीत लिहिलंय, मधले दोन मराठी शब्द सोडून. मराठीत सांगायचं तर असं: 'दारात जी.ला म्हणालो, येतो. जी.ने उत्तर दिलं, या.' बस. पुढचं पान कोरं.

या दोन ओळींवर पेनफोल्डसाहेबांनी चारशे बारा पानांचं पुस्तक लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की जी. म्हणजे गॉड. दार म्हणजे आत्म्याचं दार. डिक्शनरीत बघून त्यांनी शोध लावला की 'येतो' म्हणजे 'तो येतो', तेव्हा विन्स्कम देवाला सांगतोय की ख्रिस्त पुन्हा येतोय. आणि देव उत्तरादाखल काय म्हणतो? 'या'. आता 'याह' हे हिब्रूत देवाचं नाव. म्हणजे देवाने साक्षात स्वतःचं नाव उच्चारलं! याला ते 'येटो थिऑलॉजी' म्हणतात. मंडळाच्या कापडी पिशव्यांवर मोठ्या अक्षरात छापलंय, येटो. अशी एक पिशवी आमच्या घरी आहे, मी तीत बटाटे आणतो.

पहिल्या लेक्चरला स्क्रीनवर ही ओळ आली तेव्हा द्रौपदीने ती पेन्सिलने वहीत उतरवली. घरी आली, कोट न काढता किचनमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, जी म्हणजे गॉड म्हणे!"

"मग?"

"मग काय मग! जी म्हणजे गया. माझी आजी. साहेब निघाला, दारात उभा राहून म्हणाला येतो, आजी म्हणाली या. दॅट्स इट. अख्खं डिपार्टमेंट त्याच्यावर पीएचडी करतंय."

मी इतका हसलो की शेजारच्या मिसेस ओवेननी भिंत ठोकली. मराठी घरात तीन वर्षांचं पोरसुद्धा निघताना 'जातो' म्हणत नाही. म्हटलं तर पाठीत धपाटा बसतो. इथे ऑक्सफर्डला शिकलेल्या चाळीस माणसांनी निरोपाच्या एका शब्दातून ख्रिस्ताला खाली उतरवला होता. एखाद्या मराठी माणसाला विचारावं, एवढं या विद्वानांना पन्नास वर्षांत सुचलं नाही. या देशात मराठी माणसं काय कमी आहेत? रीडिंग गावात दगड मारला तर सॉफ्टवेअरवाल्या देशपांड्याला लागेल.

द्रौपदी मात्र हसली नाही. तिने फाइल उघडली. व्हिसाच्या ऑफिसात उघडायची तशीच, डावीकडे दावा आणि उजवीकडे पुरावा. पुढचे आठ महिने ती डायऱ्यांमधला जी. वेचत होती. आणि काय एकेक सापडलं! 'जी. आज बोलत नाही.' यावर पेनफोल्डांचं एक प्रकरण आहे, देवाच्या मौनाबद्दल. 'जी.ने नवा स्टोव्ह नाकारला.' हे म्हणे ईश्वराने आधुनिकतेला दिलेलं उत्तर. 'जी.ला दोन दिवस हवेत, भाचीचं लग्न.' यावर मात्र विद्वानांनी मौन पाळलंय, कारण देवाला भाची कुठून आणायची! आणि सगळ्यात कडी म्हणजे सदतीस सालची नोंद. 'जी.ने दारात दटावलं. मी जातो असं कधीही म्हणायचं नाही.' इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे दटावणारी बाई आहे हे कोणाला कळलं नाही. पेनफोल्डांनी या नोंदीचा अर्थ लावला, देवाने आपल्या सेवकाला पलायनाची मनाई केली.

आजी हे सांगायची, द्रौपदीने लहानपणी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. साहेब नवा होता तेव्हा 'जातो' म्हणून बाहेर पडायचा, आजी अस्वस्थ व्हायची आणि एक दिवस तिने त्याला झापलं. चौदा वर्षांनी कायमचा निघताना तो रडत होता आणि बरोबर 'येतो' म्हणाला. आपण शिकवलेला एक शब्द तरी साहेबाने नीट वापरला, याचा तिला अभिमान होता. बाकी त्याने तिला काय शिकवायचा प्रयत्न केला ते ती सांगायची नाही.

तर द्रौपदीला काय हवं होतं ते सांगतो. डिग्री नको होती असं नाही. पण तिला मुळात हवं होतं एकच. कुठेतरी, छापील पानावर, आजीचं पूर्ण नाव यावं. जी. नाही, स्वयंपाकीण नाही. गयाबाई शेजवळ.

पेनफोल्डांनी तिचा मसुदा वाचून तिला बोलावलं. "तुमच्या आजीच्या आठवणीबद्दल मला अतिशय आदर आहे," ते म्हणाले. इंग्रज माणूस आदर आहे म्हणाला की समजावं, आता नाही म्हणणार. "पण कुटुंबातली आठवण हा पुरावा नसतो, द्रौपदी. शिवाय 'या'चं हिब्रूशी नातं आम्ही एका जाणकाराकडून तपासून घेतलंय. हे प्रकरण परिशिष्टात टाकलंत तर बरं." हे जाणकार कोण, तर पुस्तकाच्या आभारात त्यांचं नाव होतं. मिस्टर एच. नवगावकर, पिनर, लंडन.

नवगावकर हे आडनाव वाचून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुढच्याच शनिवारी फोन केला, तर पलीकडून मराठीत उत्तर आलं, "आज शब्बाथ आहे बाई, आज फोन उचलायला नको होता, पण उचलला. उद्या या."

हिलेलकाका नवगावकर शहाऐंशी वर्षांचे. मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, साठ वर्षांपूर्वी इथे आले. मुलं इंग्रजीच बोलतात, त्यामुळे काकांचं मराठी वापराविना नवंकोरं राहिलंय. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे ज्यू घरांवर असते ती प्रार्थनेची डबी, आत भिंतीवर माझगावातल्या शाळेचा फोटो. द्रौपदीने दोन ओळी वाचून दाखवल्या. काकांनी चष्मा काढला, हसले, खोकले, पुन्हा हसले, बशीतला चहा पायजम्यावर सांडला.

"अहो, त्या पेनफोल्डने मला फोनवर विचारलं, याह म्हणजे काय. मी म्हटलं, आमच्या प्रार्थनेत देवाचं नाव. थँक यू म्हणाला, ठेवला. मराठीत काय ते विचारलं कुठे त्याने? मी हिब्रूचा माणूस ना त्याच्या हिशेबी! आणि मला कुठे ठाऊक, त्याच्या आधी 'येतो' हा शब्द आहे म्हणून?"

त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहून दिलं. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाचं पत्र. द्रौपदीने ते प्रबंधाला जोडलं आणि प्रकरण परिशिष्टात टाकलं नाही.

मे महिन्यात मंडळाच्या सभेत तिला पंधरा मिनिटं दिली. मी मागच्या रांगेत होतो, आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या. तिने निळी साडी नेसली होती आणि आवाज अजिबात हलला नाही. एकामागून एक नोंद मांडली. स्टोव्ह, भाची, दटावणी. मग म्हणाली, मराठीत निघताना माणूस 'मी येतो' म्हणतो, आणि घरचं माणूस 'या' म्हणतं. जी. म्हणजे माझी आजी गयाबाई शेजवळ. खाली बसली. मला वाटलं, झालं, आता बिस्किटंही न खाता घरी जातील बिचारे.

कसलं काय! पेनफोल्ड उठले, डोळे मिटले आणि म्हणाले, हे किती समृद्ध करणारं आहे! गॉड की स्वयंपाकीण, असा प्रश्नच नाही. देव स्वयंपाकघरातून बोलला. जी. आता अधिकच खोल झाला आहे. टाळ्यांचा कडकडाट. एका म्हातारीने द्रौपदीचे दोन्ही हात धरले आणि सांगितलं की तिला अगदी नम्र झाल्यासारखं वाटतंय. पंधरा मिनिटांत त्यांनी चूक मान्यही केली नाही आणि सोडलीही नाही, वर तिच्यावर साखर पेरली. असली माणसं हरत नाहीत. त्यांना हरायला वेळच नसतो.

परतीच्या गाडीत द्रौपदी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ईस्ट क्रॉयडन आल्यावर म्हणाली, "अहो, त्यांनी आजीला परत गॉडच करून टाकलं."

एम.ए. मिळालं, वर मेरिटही मिळालं. शिवाय मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात तिचा लेख घ्यायचं ठरलं. आणि लेखासोबत छापायला मंडळाच्या कपाटातून एक फोटो निघाला. बंगल्याचा व्हरांडा. खुर्चीत गोरा माणूस, पायाशी कुत्रा, आणि मागे खांबाजवळ डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. चेहरा जरा हललेला. द्रौपदीने बघताक्षणी ओळखलं. खाली छापायची ओळ संपादकांनी ईमेलने पाठवली होती: 'आर्थर विन्स्कम, त्याचा कुत्रा मेजर, आणि स्वयंपाकीण. १९४९.'

माझं डोकं फिरलं. कुत्र्याला नाव आहे! पंधरा वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिला नाही आणि त्या खरकटं खाणाऱ्या जनावराला आहे, तेही मेजर. मी म्हटलं, जाऊन त्यांच्या हॉलच्या खुर्च्या मोडतो. द्रौपदीने उत्तर लिहिलं, अगदी सभ्य भाषेत, की बाईचं पूर्ण नाव गयाबाई शेजवळ असं छापावं.

उलट उत्तरही सभ्यच आलं. आनंदाने छापू. फक्त नावाचा काही कागदोपत्री पुरावा जोडावा, जन्माचा, मृत्यूचा किंवा मिशनच्या रजिस्टरचा.

रजिस्टरात फक्त ख्रिस्ती झालेल्यांची नावं होती. जन्माचा दाखला नाहीच. चौऱ्याहत्तर साली ती गेली ती गावात, कोणी कुठे नोंदवलं नाही. द्रौपदीने गावच्या चुलतभावाला फोन केला, त्याने जालन्याला दोन चकरा मारल्या. काही नाही. ती बाई कागदावर कुठेच नव्हती, विन्स्कमच्या डायरीतलं ते एक अक्षर सोडून.

त्या दुपारी द्रौपदी ईमेल उघडून नुसती बघत बसली होती. मी पेनफोल्डच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. ती म्हणाली, "थांबा हो. ही ओळ बघा. 'प्लीज अटॅच डॉक्युमेंटरी एव्हिडन्स.' हेच मी लिहायचे. वर्ड फॉर वर्ड."

मग तिने एक गोष्ट सांगितली, जी तिने मला कधी सांगितली नव्हती. सिएरा लिओनची एक बाई होती, तिला बहिणीला इथे आणायचं होतं. बहीण आहे याचा कागद नव्हता, गावातलं ऑफिस लढाईत जळलं होतं. तिने पाच पानं लिहून दिली होती. आईचं नाव, आजीचं नाव, दोघी लहानपणी कुठल्या झाडाखाली निजायच्या ते. द्रौपदीने ती पानं वाचली आणि फाइलवर लिहिलं, कुटुंबाचं म्हणणं, आधार नाही. रिफ्यूज.

"रूल होता," मी म्हटलं.

"रूल होताच. पण मला लाज वाटते," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने संपादकांना परत लिहिलं. माझी अपेक्षा होती की ती शरण जाणार. तिने विचारलं होतं, फोटोतला गोरा माणूस आर्थर विन्स्कमच आहे याचा कागदोपत्री पुरावा कोणता? आणि कुत्रा मेजर आहे याचा? दोन आठवडे उत्तर नाही. तिने स्मरणपत्र पाठवलं, मग दुसरं. शेवटी आलं. फोटोच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. ती ओळ शहाऐंशी साली विन्स्कमच्या पुतणीने आठवणीतून सांगितली होती. ही पुतणी जन्मात कधी हिंदुस्थानात गेली नव्हती. म्हणजे पुतणीची आठवण तो इतिहास आणि नातीची आठवण ती भावना. मी आठवडाभर भेटेल त्याला हे सांगत होतो, विहारात तर माइकवरून सांगितलं.

ऑक्टोबरात ग्रंथ आला. मीच पाकीट फोडलं आणि फोटोचं पान काढलं. खाली छापलं होतं: 'आर्थर विन्स्कम, त्याचा कुत्रा मेजर, आणि गयाबाई शेजवळ, असे कुटुंबीय सांगतात.'

"असे कुटुंबीय सांगतात!" मी ओरडलो. "कुत्र्याला नाही लागलं ते! साहेबाला नाही लागलं! पुन्हा लिही त्यांना, मी लिहितो, आण इकडे."

द्रौपदीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि नावावर बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि पुन्हा एकदा.

"स्पेलिंग करेक्ट आहे," ती म्हणाली. मग बोट न उचलता म्हणाली, "माझ्या टेबलावर आलं असतं ना, तर मी एवढंही दिलं नसतं."